तेजोमेघाचा रंगीत भाग आणि ताऱ्यांचा जन्म

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहणाऱ्या आणि भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने गरुड तेजोमेघाचे छायाचित्र पाहून प्रश्न विचारला आहे. या रंगीत वायूचे तापमान दहा हजार अंशांच्या घरात असते असे तिने वाचले आहे आणि तारे बनायला वायू अतिशय थंड असावा लागतो असेही तिच्या पुस्तकात दिले आहे. मग तेजोमेघाला ‘ताऱ्यांचे जन्मस्थान’ कसे म्हणतात, अशी तिची शंका आहे. छायाचित्रातले रंग खरे असतात का आणि ठाण्याच्या गच्चीवरून यातले काही पाहता येते का, हेही तिला जाणून घ्यायचे आहे. मी नवी मुंबईत खारघरला राहतो आणि अनेक वर्षांपासून शहरातल्या उजळ आकाशातूनच उत्सर्जन तेजोमेघांची, म्हणजे स्वतः प्रकाश देणाऱ्या तप्त वायूच्या मेघांची छायाचित्रे घेत आलो आहे, त्यामुळे शेवटचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. पण पहिला प्रश्न अधिक महत्त्वाचा असल्याने त्याचे उत्तर सविस्तर देतो.

तुम्हाला खटकलेली विसंगती योग्यच आहे. छायाचित्रात जो भाग लाल, हिरवा किंवा निळा उजळलेला दिसतो, त्या भागात तारे घडत नाहीत. ते घडतात त्याला खेटून असलेल्या, छायाचित्रात काळ्या किंवा तपकिरी दिसणाऱ्या गार मेघात. उजळलेला वायू म्हणजे तिथे मोठे तारे आधीच जन्मलेले आहेत आणि त्यांनी आजूबाजूचा कच्चा माल नव्या ताऱ्यांसाठी निरुपयोगी करून टाकला आहे, याची खूण होय. वृत्तपत्रांतल्या चित्रओळींमध्ये हा फरक बहुतेक वेळा पुसला जातो, आणि तुमच्यासारख्या विचार करणाऱ्या वाचकाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी गार मेघाकडे पाहू. रेणूंच्या स्वरूपातला हायड्रोजन असलेल्या या मेघांचे तापमान १० ते २० केल्विन, म्हणजे शून्याखाली सुमारे २६० अंश सेल्सिअस असते. त्यांची सरासरी घनता एका घन सेंटिमीटरमध्ये काही शे रेणू इतकीच असते. आत तयार झालेल्या गाठींमध्ये ती दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंत चढते. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये अडीच गुणिले दहाचा एकोणिसावा घात इतके रेणू असतात, तेव्हा ज्याला खगोलशास्त्रज्ञ ‘दाट’ म्हणतात तो वायू प्रयोगशाळेतल्या उत्तम निर्वातापेक्षाही विरळ असतो. अशा गाठीत दोन बलांची ओढाताण चालते: गुरुत्वाकर्षण तिला आत ओढते, तर वायूचा दाब तिला पसरवू पाहतो. स्वतःच्या वजनाने कोसळण्यासाठी गाठीचे वस्तुमान किमान किती हवे, याचे गणित जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये मांडले. हे किमान वस्तुमान तापमानाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते आणि घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते.

आता आकडे घालून पाहा. तापमान १० केल्विन आणि घनता एक लाख असेल, तर हे किमान वस्तुमान साधारण एका सूर्याच्या आसपास येते. घनता तीच ठेवून तापमान १०,००० केल्विन केले, तर तापमान हजारपट झाले आणि हजाराचा दीड घात सुमारे ३० हजार होतो. म्हणजे कोसळण्यासाठी एकाच गाठीत हजारो सूर्यांचा ऐवज हवा. प्रत्यक्षात परिस्थिती याहून प्रतिकूल असते, कारण तापलेल्या वायूची घनता बरीच कमी असते आणि त्यातले रेणू फुटून प्रोटॉन व इलेक्ट्रॉन सुटे झाल्यामुळे प्रत्येक कणाचे सरासरी वस्तुमानही घटलेले असते. असा वायू गोळा होण्याऐवजी सेकंदाला सुमारे १० किलोमीटर वेगाने बाहेर पसरू लागतो. तुमच्या पुस्तकातल्या दोन विधानांचा मेळ बसत नाही तो याच कारणाने: ती दोन विधाने दोन वेगळ्या जागांविषयी आहेत.

मेघ इतका थंड राहतो कसा, हेही समजून घ्यायला हवे. वस्तुमानाने जेमतेम एक टक्का असलेली धूळ ताऱ्यांचा प्रकाश बाहेरच अडवते, त्यामुळे आतला भाग सावलीत राहतो. आणि आत जी थोडी उष्णता निर्माण होते ती धुळीचे कण आणि कार्बन मोनॉक्साइडचे रेणू प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकतात. इतक्या थंडीत हायड्रोजनचे रेणू स्वतः जवळजवळ काहीच प्रारण देत नाहीत, म्हणून मेघाचा नकाशा काढायचा तर या कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटर लांबीच्या लहरी पकडाव्या लागतात. ही वर्णरेषा अवकाशात प्रथम सापडली ती १९७० मध्ये, मृगातल्या तेजोमेघाच्या दिशेने. ती शोधणाऱ्या विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झिअस यांपैकी दोघांना पुढे विश्वाच्या पार्श्वप्रारणाच्या शोधासाठी नोबेल मिळाले. तारकानिर्मितीच्या अभ्यासकांच्या दृष्टीने मात्र हा दुसरा शोधही तितकाच मोलाचा आहे.

गाठ कोसळू लागली की साधारण लाखभर वर्षांत तिचा मध्य घट्ट होतो. या काळात बराच वेळ तिचे तापमान १० केल्विनच्या आसपासच राहते, कारण दाबामुळे निर्माण होणारी उष्णता लगेच बाहेर निसटते. घनता इतकी वाढली की ही उष्णता बाहेर पडेनाशी होते, तेव्हा मध्यभागी एक तात्पुरता स्थिर गोळा बनतो आणि तापू लागतो. तापमान २,००० केल्विनच्या आसपास गेले की हायड्रोजनचे रेणू फुटतात, त्यासाठी लागणारी ऊर्जा त्या गोळ्यातूनच शोषली जाते, दाब पुरा पडत नाही आणि गोळा दुसऱ्यांदा कोसळतो. या दुसऱ्या पडझडीतून जे उरते तो आदितारा. मूळ गाठीला थोडी जरी फिरकी असली तरी आकुंचनामुळे ती कितीतरी पटींनी वाढते, म्हणून सगळा वायू सरळ मध्यावर पडत नाही. त्याची तबकडी बनते आणि तबकडीला काटकोनात दोन्ही बाजूंना वायूचे वेगवान झोत निघतात. हे झोत आसपासच्या वायूवर आदळून जे लहान उजळ ठिपके उमटतात, त्यांना हर्बिग-हारो पिंड म्हणतात. गाभ्याचे तापमान दहा लाख केल्विन झाले की ड्युटेरिअम, म्हणजे जड हायड्रोजन, जळू लागतो, एक कोटीच्या आसपास साधा हायड्रोजन. सूर्याएवढ्या ताऱ्याला तिथवर पोचून स्थिरावायला तीन ते पाच कोटी वर्षे लागतात, तर सूर्याच्या आठ टक्क्यांहून कमी वस्तुमान असलेला गोळा तिथवर कधीच पोचत नाही.

या सगळ्या प्रवासात रंगीत असे काही घडलेले नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. रंग येतो तो वजनदार ताऱ्यांमुळे. सूर्याच्या तीसपट वस्तुमानाचा तारा इतक्या झपाट्याने आकसतो, की धुळीच्या आवरणातून बाहेर पडण्यापूर्वीच त्याचा हायड्रोजन पेटलेला असतो. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान ४० हजार केल्विनच्या घरात असल्यामुळे त्याचा बराचसा प्रकाश अतिनील असतो. ९१.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरीच्या फोटॉनमध्ये १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टहून अधिक ऊर्जा असते आणि तो हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उखडून काढतो. सुटलेला इलेक्ट्रॉन कधीतरी दुसऱ्या प्रोटॉनला सापडतो आणि पायरीपायरीने खाली उतरतो. तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येताना जो प्रकाश निघतो तो ६५६.३ नॅनोमीटरचा गडद लाल असतो. छायाचित्रातला तांबडा रंग बहुतांशी हाच. तारा असा किती अंतरापर्यंतचा वायू आयनीभूत करू शकतो, म्हणजे त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे करू शकतो, याचे गणित बेंग्ट स्ट्रोमग्रेन यांनी १९३९ मध्ये केले. त्याचा एक महत्त्वाचा निष्कर्ष असा, की या आयनीभूत प्रदेशाची कड धूसर नसून बरीच रेखीव असते, आणि म्हणूनच छायाचित्रांत तेजोमेघाला अशा स्पष्ट किनारी दिसतात.

हिरवा रंग ऑक्सिजनचा आहे, आणि त्याने शास्त्रज्ञांना बराच काळ चकवले. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा त्यांना आढळलेली ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना. म्हणून ‘नेब्युलिअम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे इरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले. ज्या उत्तेजित अवस्थेतून हा प्रकाश निघतो तिच्यात ऑक्सिजनचे आयन सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त काळ राहते. आपल्या हवेत एका रेणूच्या सेकंदाला अब्जावधी टकरी होतात, त्यामुळे इतकी सवड तिथे कोणालाच मिळत नाही. तेजोमेघाच्या विरळ वायूत मात्र ती मिळते. हाच प्रकाश वायूची उष्णता सतत बाहेर नेत असतो, आणि मूळ तारा ४० हजार केल्विनचा असला तरी तेजोमेघाचे तापमान दहा हजारांच्या आसपास बांधलेले राहते ते मुख्यतः त्यामुळे.

हे भौतिकशास्त्र खारघरच्या गच्चीवरूनही छायाचित्रात उतरवता येते. शृंगाश्व तारकासमूहात सुमारे ५,००० प्रकाशवर्षांवर रोझेट नावाचा तेजोमेघ आहे, त्याच्या मधोमध तरुण ताऱ्यांचा एक गुच्छ आहे. कृष्णधवल कॅमेऱ्यापुढे अरुंद पट्ट्याचे तीन फिल्टर एकामागून एक लावून त्याची छायाचित्रे घेतली, तर तीन वेगळी चित्रे मिळतात. हायड्रोजनच्या फिल्टरमध्ये संपूर्ण कडे भरून दिसते, त्यावर कोळशाच्या रेघोट्या ओढाव्यात तशा धुळीच्या काळ्या गाठी असतात. ऑक्सिजनच्या फिल्टरमध्ये फक्त मधला भाग, पोकळीच्या काठाशी, मंदपणे उजळतो. बाहेरच्या पाकळ्या जवळजवळ गायब होतात. गंधकाच्या फिल्टरमध्ये याच्या उलट, बाहेरच्या कडांवर आणि काळ्या गाठींच्या किनाऱ्यांवर बारीक रेषा उमटतात. कारण सरळ आहे: ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि एवढे जोरकस फोटॉन ताऱ्यांच्या जवळच मिळतात, तर गंधकाचा पहिला इलेक्ट्रॉन १०.४ मध्येच निघतो, त्यामुळे जिथे तीव्र अतिनील प्रकाश संपत आलेला असतो अशा काठावर एकच इलेक्ट्रॉन गमावलेला गंधक टिकून राहतो. मधली पोकळी त्या गुच्छातल्या ताऱ्यांच्या प्रारणाने आणि वाऱ्यांनीच, म्हणजे ताऱ्यांतून वेगाने बाहेर पडणाऱ्या कणांच्या प्रवाहानेच, तयार झाली आहे. मूळ मेघाचा जो ऐवज तिथे होता, त्यातला फारच थोडा भाग ताऱ्यांमध्ये गेला आणि बाकीचा बाहेर ढकलला गेला. एकूणच एखाद्या मोठ्या मेघाच्या वस्तुमानापैकी ताऱ्यांमध्ये रूपांतर होते ते काही टक्क्यांचेच.

मृगातला तेजोमेघ, म्हणजे एम ४२, या दृष्टीने सर्वांत बोलका आहे, कारण तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर, म्हणजे बराच जवळ आहे. समोरून पाहताना तो स्वतंत्र ढग वाटतो, पण प्रत्यक्षात तो एका प्रचंड गार मेघाच्या आपल्याकडच्या बाजूला पडलेला खळगा आहे, कलिंगडाच्या कापलेल्या बाजूत चमच्याने कोरावा तसा. कोरण्याचे काम मुख्यतः समलंब चौकोनात मांडलेल्या चार ताऱ्यांपैकी सर्वांत तेजस्वी ताऱ्याने केले आहे. ‘सोफिया’ या विमानातल्या दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०१९ मध्ये असे दिसले, की या एका ताऱ्याच्या वाऱ्याने वायूचे एक मोठे कवच सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर वेगाने बाहेर रेटले आहे. हे मोजमाप कार्बनच्या १५८ मायक्रोमीटरच्या अवरक्त वर्णरेषेवरून केलेले होते. तापलेला वायू आणि गार मेघ यांच्या मधल्या सालीतून ही रेषा निघते. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, हैदराबादहून फुग्यातून वर पाठवली जाणारी एक मीटर व्यासाची दुर्बीणही याच रेषेचा वेध घेत आली आहे, हे मुंबई-ठाण्याच्या विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही.

आणि सध्या तारे घडत आहेत ते कुठे? त्या खळग्याच्या मागे, गार मेघात. बेकलिन आणि न्यूगेबाउअर यांना १९६७ मध्ये तिथे एक असा पिंड अवरक्त प्रकाशात सापडला, जो दृश्य प्रकाशात अजिबात दिसत नाही, आणि त्याच्या लगत आणखी दाट असा तारकानिर्मितीचा प्रदेश निघाला. खळग्यात उघड्यावर पडलेल्या तरुण ताऱ्यांची स्थिती वेगळी आहे. त्यांच्याभोवतीच्या तबकड्या हबल दुर्बिणीने दाखवल्या, तेव्हा अनेक तबकड्यांना त्या मोठ्या ताऱ्याच्या उलट दिशेला शेपट्या असल्याचे आढळले. त्याच्या अतिनील माऱ्याखाली तबकड्यांचा वायू उडून चालला आहे. ग्रह बनण्याचा ऐवजही असा वाया जातो.

वृषभ तारकासमूहातल्या मेघाचे उदाहरण तर मला निर्णायक वाटते. तो सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर आहे, त्यात आजही तारे घडत आहेत, आदिताऱ्यांच्या तबकड्यांची उत्तमोत्तम छायाचित्रे तिथूनच आलेली आहेत. तरी तिथे मृगासारखा झगमगाट नाही, कारण तिथे आयनीभवन घडवून आणण्याइतका वजनदार ताराच जन्मलेला नाही. रंगीत तेजोमेघाशिवाय तारे जन्मू शकतात, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पसरणारा तप्त वायू लगतच्या गार मेघाला दाबतो आणि त्या दाबाने तिथे नव्या गाठी कोसळू शकतात, हे मत एल्मेग्रीन आणि लाडा यांनी १९७७ मध्ये मांडले आणि ते आजही विचारात घेतले जाते. तुम्ही पाहिलेले गरुड तेजोमेघातले वायू आणि धुळीचे खांब याच चर्चेच्या केंद्रस्थानी आहेत. हबलचे ते छायाचित्र १९९५ मधले आहे आणि जेम्स वेब दुर्बिणीने तोच भाग २०२२ मध्ये अवरक्त प्रकाशात पुन्हा टिपला. खांबांच्या टोकांवर वायूचे ७३ छोटे गोळे मोजले गेले होते आणि प्रत्येकात तारा उबत असेल असे तेव्हा अनेकांना वाटले. पण अवरक्त पाहणीत, ज्याचा निकाल २००२ मध्ये आला, त्यांतल्या ११ गोळ्यांतच तरुण ताऱ्यांच्या खुणा सापडल्या. ते ११ तारे त्या दाबामुळे जन्मले, की आधीच जन्माला येत होते आणि आवरण उडाल्यामुळे उघडे पडले, हे एकेका ताऱ्याबाबत ठरवणे फार अवघड असते. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. दाबामुळे काही तारे लवकर जन्मत असतीलही, पण उधळला जाणारा वायू त्याहून कितीतरी जास्त असतो.

रंगांविषयी थोडक्यात सांगतो. त्या प्रसिद्ध छायाचित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला आहे. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही प्रत्यक्षात लालच असल्यामुळे ते वेगळे ओळखता यावेत, एवढाच त्यामागचा हेतू आहे. याला खोटेपणा म्हणणे बरोबर नाही, पण चित्राखाली रंगांची किल्ली न देणे मात्र चूकच. साध्या कॅमेऱ्यातला लालसर-गुलाबी रंग वास्तवाच्या जास्त जवळ असतो. डोळ्याला मात्र हा लाल रंग दिसत नाही: अंधुक प्रकाशात आपली दृष्टी ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक तल्लख असते आणि ६५६ला जवळजवळ आंधळी होते, म्हणून दुर्बिणीतून एम ४२ राखाडी-हिरवट दिसतो.

ठाण्यातून काय दिसेल? जानेवारीच्या अखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास एम ४२ दक्षिणेला जवळपास ६५ अंश उंचीवर येतो, त्यामुळे उंच इमारतींच्या गर्दीतही गच्चीवरून तो सापडतो. आठ इंची दुर्बिणीत समलंब चौकोनाचे चार तारे टाचणीच्या टोकांसारखे स्पष्ट दिसतात, आणि त्यांच्या शेजारी उजेडात घुसलेली एक काळी खाच दिसते. लोक चार ताऱ्यांकडे बघतात आणि खाचेकडे दुर्लक्ष करतात. तुम्ही ती खाच जरूर निरखा, कारण धुळीचा गार पदार्थ तिथे आहे. गरुड तेजोमेघ मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत उंच येतो तो जूनच्या अखेरीस, म्हणजे ऐन पावसाळ्यात. म्हणून आपल्याकडे तो मार्च ते मे या काळात पहाटे धरावा लागतो. छायाचित्रण करायचे असेल तर हायड्रोजनचा अरुंद पट्ट्याचा फिल्टर हीच पहिली खरेदी ठेवा. रस्त्यांवर सोडिअमचे पिवळे दिवे होते तोवर शहरी आकाशासाठीचे स्वस्त फिल्टर काम देत. पांढऱ्या एलईडींचा प्रकाश सगळ्या वर्णपटभर पसरलेला असल्यामुळे ते आता फारसे उपयोगी नाहीत.

घडत असलेला तारा प्रत्यक्ष बदलताना पाहायचा असेल, तर शृंगाश्वातच एनजीसी २२६१ हा लहानसा पंख्याच्या आकाराचा तेजोमेघ आहे. हा उत्सर्जन तेजोमेघ नव्हे. टोकाशी असलेल्या एका अगदी तरुण ताऱ्याचा प्रकाश तो परावर्तित करतो, आणि ताऱ्याजवळून सरकणाऱ्या धुळीच्या सावल्या पंख्यावर पडत असल्यामुळे त्याचे रूप काही आठवड्यांत बदलते. एडविन हबल यांनी हा बदल १९१६ मध्ये नोंदवला आणि पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीतून १९४९ मध्ये त्यांनी घेतलेले पहिले छायाचित्रही याचेच होते. परावर्तित प्रकाशाला अरुंद पट्ट्याच्या फिल्टरचा उपयोग होत नाही, पण हा तेजोमेघ आकाराने लहान आणि त्या मानाने तेजस्वी असल्याने शहरातूनही कमी वेळाच्या अनेक छायाचित्रांची बेरीज करून तो पकडता येतो. डिसेंबर ते मार्च दर पंधरा दिवसांनी, तोच कॅमेरा आणि तीच दुर्बीण वापरून, तो आकाशात उंच असताना त्याचे छायाचित्र घ्या आणि सर्व छायाचित्रे एकाच मापावर जुळवून एकामागून एक पाहा.